भावाजवळ थांबायचं, पण किती?

प्रश्न : मुलगा 7 वर्षांचा आहे. त्याला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे हातपाय ताब्यात राहत नाहीत, अधूनमधून झटके येतात. मुलगी 11 वर्षांची. कापसाच्या वेच्याला मी वावरात गेले की ती शाळा पाडून त्याच्याजवळ थांबते. हल्ली मैत्रिणींना घरी आणत नाही. परवा म्हणाली, ‘माह्या लग्नानंतर बी मलेच पाहा लागन का याले?’ काय सांगू?
– एक आई, यवतमाळ जिल्हा

उत्तर : आधी तिच्या प्रश्नाचं उत्तर द्या, आणि ते स्पष्ट ‘नाही’ असू द्या. सेरेब्रल पाल्सीसारखं दिव्यांगत्व असणाऱ्यांसाठीच्या 1999च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार मुलगा 18 वर्षांचा झाल्यावर कायदेशीर पालकत्वासाठी आईवडीलही जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे अर्ज करू शकतात. बहीण आपोआप पालक होत नाही. ‘तुझं भावावर प्रेम आहे ना?’ असं उलट विचारू नका. प्रेम असतंच, तिला धास्ती आहे ती कामाची.

दुसरी धास्ती ती बोलणार नाही. ‘ग्रहणात विळी धरली म्हणून असं झालं’ हे तिनं ओट्यावर ऐकलेलं असतं, मग आपली लेकरंही अशीच होतील का, असं वाटत राहतं. तिला सांगा : त्याच्या मेंदूला जन्माआधी किंवा जन्माच्या आसपास इजा झाली, ग्रहणाचा संबंध नाही, हे लागट नाही, बहुतेक वेळा आनुवंशिकही नसतं. मैत्रिणींना द्यायला एक वाक्य तयार करून द्या : ‘त्याचे हातपाय त्याचं ऐकत नाहीत, पण आपण बोललेलं त्याला कळतं.’ किती कळतं ते तुम्हाला ठाऊक, त्याप्रमाणे बदला.

आता कामं. खेळवणं, गाणी लावणं, हाक मारणं तिचं. भरवणं तिचं नाही : मान मागे गेली किंवा तो आडवा असला की घास श्वासनलिकेत जातो. त्याला एकटीनं उचलणंही नाही, दोघंही पडतील.

झटका आला तर काय करायचं, ते मात्र तिला शिकवाच, आणि एकदा उशी घेऊन करून दाखवा. कुशीवर वळवायचं, डोक्याखाली मऊ कापड, गळ्याचं बटण सैल, नजर घड्याळावर. तोंडात चमचा नाही, पाणी नाही. कांदा-चप्पल हुंगवून झटका थांबत नाही, वेळ तेवढा जातो. पाच मिनिटांच्या वर गेला, किंवा शुद्धीवर न येता दुसरा आला, तर 108. लगेच शेजारच्या काकूंना हाक. पण हे माहीत आहे म्हणून तिला दिवसभर एकटीला बसवू नका.

वेच्याचे दिवस जावेशी किंवा शेजारणीशी आळीपाळीनं ठरवा. एक मजुरी बुडेल, पण तिची शाळा बुडणार नाही. मुलाचं नाव शाळेत आहे का? 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यानं 6 ते 18 वयाच्या अशा मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क आहे. पंचायत समितीच्या गटसाधन केंद्रात विशेष शिक्षकांची चौकशी करा. शाळेत जाणं जमतच नसेल तर घरी येऊन शिकवण्याबद्दलही विचारा. एकाच शाळेत दोघं गेले तर एक घोळ हमखास होतो : त्यानं कपडे ओले केले की मास्तर बहिणीला वर्गातून बोलावतात. हे चालणार नाही, असं मुख्याध्यापकांना पहिल्याच दिवशी सांगा, आणि तेव्हा कोण येणार तेही तिथंच ठरवून घ्या.