शाळेतली रजा: अर्ज, नोंद आणि रिकामा तास

या वेळच्या बहुतेक पत्रांत प्रश्न रजेचे आहेत. उत्तरांआधी एकच गोष्ट. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांना महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, 1981 लागू होतात. खासगी शाळांना 1977 चा सेवाशर्ती कायदा आणि त्याखालची 1981 ची नियमावली. दोन्हीकडे 1981 असल्यामुळे फार गल्लत होते. अर्जात नियमाचा उल्लेख करण्याआधी आपली शाळा कुठे मोडते ते पाहून घ्या.

प्रश्न: आमची द्विशिक्षकी शाळा. सहकारी गुरुजी महिन्यातून दोन-तीनदा सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर ‘आज बरं नाही’ एवढंच टाकतात. सगळे वर्ग माझ्यावर पडतात. बोलावं तर संबंध बिघडतात. (प्रभारी मुख्याध्यापक, जिल्हा परिषद शाळा)

तापाने फणफणलेल्या माणसाने आधी अर्ज आणून द्यावा, अशी अपेक्षा कुणीच करू नये. निरोप पुरेसा आहे, पण तो निरोपच, अर्ज नव्हे. निरोप आला की त्याच दिवशी मस्टरवर रजेची नोंद करा आणि ते हजर झाले की पहिल्या तासाआधी अर्ज भरून घ्या. किती किरकोळ रजा शिल्लक उरली, तेही अर्जावर लिहा. रकाना कोरा ठेवून नंतर सही करू देणं हा उपकार वाटतो खरा, पण शाळाभेटीत तो रकाना सापडला तर तुम्ही दोघेही अडचणीत येता. संबंध बिघडतात ते बहुधा या कोऱ्या रकान्यांवरूनच. नोंद सगळ्यांची, तुमचीही, एकाच पद्धतीने होऊ लागली की बोलणं सोपं जातं.

आणि बोलाच. मुलं घरी गेल्यावर, दोघंच असताना. ‘किती रजा घेता’ असं विचारू नका, ‘काय होतंय’ असं विचारा. मागे मधुमेह असेल, घरी अंथरुणाला खिळलेली आई असेल, मनाचा आजार असेल. उपचाराच्या तारखा ठरलेल्या असतील तर त्या रजा आधीच कळू शकतात आणि तुम्हाला वर्गांची आखणी करता येते. वैद्यकीय प्रमाणपत्राबद्दल शंका असेल तर दुसरं वैद्यकीय मत मागवण्याचा अधिकार सक्षम अधिकाऱ्याला नियमांनीच दिला आहे. तो कारण असेल तेव्हाच वापरावा. एखाद्याच्या आजाराची चर्चा केंद्राच्या बैठकीत होता कामा नये.

राहिली मुलं. पहिली ते पाचवीसाठी शिक्षण हक्क कायद्याने वर्षाला किमान 200 दिवस आणि 800 अध्यापन तास सांगितले आहेत, आणि हे तास मुलांच्या हक्काचे आहेत. एकट्यावर शाळा येते त्या दिवसांसाठी एकत्र वर्गाचं काम आधीच तयार ठेवा: जोडीवाचन, मोठ्या मुलांनी लहानांना सांगायची गणितं, परिसरातली निरीक्षणं. रजा आठवड्यावर जाणार असं दिसताच केंद्रप्रमुखांकडे पर्यायी शिक्षकाची मागणी लेखी करा. फोनवरची मागणी कुणाच्या लक्षात राहत नाही.

प्रश्न: मला डेंगी झाला. दोन दिवस किरकोळ रजा टाकली, मग रुग्णालयात दाखल व्हावं लागलं. एकूण 14 दिवस गेले. मुख्याध्यापक म्हणतात, किरकोळ संपवा आणि उरलेले दिवस बिनपगारी दाखवतो. (शिक्षिका, जिल्हा परिषद शाळा)

मॅडम, बिनपगारी कशासाठी? तुमच्या खात्यावर अर्धवेतनी रजा जमा असणार. ती वर्षाला 20 दिवस मिळते. वैद्यकीय प्रमाणपत्र जोडून परिवर्तित रजा मागा. पूर्ण पगार मिळेल आणि खात्यातून दुप्पट, म्हणजे 14 दिवसांसाठी 28 दिवस अर्धवेतनी रजा वजा होईल. किरकोळ रजा इतर रजेला जोडता येत नाही, म्हणून पहिल्या दिवसापासूनचा सगळा काळ परिवर्तित रजेत दाखवा आणि ते दोन किरकोळ दिवस परत जमा करून घ्या. हजर होताना तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र द्या.

मुख्याध्यापकांनीही हे वाचावं. रजा हक्क म्हणून मागता येत नाही, हे नियम 10 मधलं वाक्य बहुतेक कार्यालयांत पाठ असतं. त्याच नियमाचा पुढचा भाग मात्र क्वचित कुणी सांगतं: रजा नामंजूर करता येते, पण कर्मचाऱ्याने मागितलेल्या आणि त्याला देय असलेल्या रजेचा प्रकार त्याच्या लेखी विनंतीशिवाय बदलता येत नाही.

प्रश्न: उन्हाळी सुट्टीत मतदार यादीच्या कामाला होतो. त्या दिवसांचं काय? (जि. प. शिक्षक)

शिक्षक दीर्घ सुट्टीचे धनी, म्हणून त्यांना एरवी अर्जित रजा मिळत नाही. पण सरकारी आदेशाने सुट्टी उपभोगता आली नाही, तर त्या प्रमाणात ती मिळते. समजा वर्षातली दीर्घ सुट्टी 60 दिवस आणि तुमचे 20 दिवस कामात गेले, तर सुट्टीचा एक-तृतीयांश भाग गेला. पूर्ण सुट्टी गेली असती तर 30 दिवस मिळाले असते, म्हणून त्यांचा एक-तृतीयांश म्हणजे 10 दिवस अर्जित रजा. यासाठी लेखी आदेश आणि कामावर हजर राहिल्याचा दाखला हवा. दोन्ही जोडून शाळा उघडताच अर्ज द्या आणि सेवापुस्तकात नोंद झालेली डोळ्यांनी पाहा. निवृत्तीच्या तोंडावर जुने आदेश शोधत फिरणारे शिक्षक पाहिले की वाईट वाटतं.

प्रश्न: आमची शाळा विनाअनुदानित आहे. संस्था म्हणते, तुम्हाला रजेचे नियम लागूच नाहीत, आणि कायद्याने आठवड्याला 45 तास शाळेत थांबावंच लागेल.

पहिलं विधान साफ चूक. 1977 चा कायदा राज्यातल्या खासगी शाळांना अनुदान असो वा नसो लागू आहे आणि रजेची तरतूद नियमावलीच्या नियम 16 मध्ये आहे. दुसरं अर्धवट. शिक्षण हक्क कायद्यातले 45 तास हे अध्यापन आणि त्याची पूर्वतयारी मिळून आहेत. टाचण काढणं, वह्या तपासणं हेही काम आहे. वेळापत्रकात त्यासाठी मोकळ्या तासिका दाखवायला सांगा आणि आजारी शिक्षकाच्या बदली तासिका रोज त्याच दोघांच्या माथी मारू नका, असंही सांगा.

प्रश्न: दहावीच्या परीक्षेच्या काळात बालसंगोपन रजा नाकारता येते का? (मुख्याध्यापिका, अनुदानित शाळा)

येते, पण कारण लेखी द्या आणि पुढची तारीख सुचवा. 2018 पासून ही रजा संपूर्ण सेवेत 180 दिवस आहे, पहिल्या दोन अपत्यांसाठी, मूल 18 वर्षांचं होईपर्यंत. मूल रुग्णालयात असेल तर परीक्षा आहे म्हणून अडवू नका. पर्यवेक्षणाला दुसरं कुणी मिळतं.

प्रश्न: माझे पती अनुदानित माध्यमिक शाळेत शिक्षक आहेत. पक्षाघातानंतर सहा महिने घरी आहेत. संस्थेचे लोक घरी येऊन राजीनाम्यावर सही मागतात.

ताई, सही करू देऊ नका. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 चं कलम 20 सांगतं की सेवेत असताना दिव्यांगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला काढता येत नाही, खालच्या पदावरही नेता येत नाही. ते काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीच्या दुसऱ्या पदावर, आणि तसं पद नसेल तर ते मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत अधिसंख्य पदावर (म्हणजे मंजूर पदांव्यतिरिक्तच्या जादा पदावर) ठेवायचं. सरकारी अनुदान घेणारी संस्था या तरतुदीत येते. शासकीय रुग्णालयातून दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र काढा आणि संस्थेकडे कलमाचा उल्लेख करून अर्ज द्या. एक प्रत शिक्षणाधिकाऱ्यांना, पोच घेऊन. दरम्यान रजा वाढवण्याचे अर्ज एकही दिवस खंड न पडता जात राहिले पाहिजेत, नाहीतर अनधिकृत गैरहजेरीचा मुद्दा संस्थेच्या हाती लागतो.

राजीनाम्याची रीतही 1977 च्या कायद्यात ठरलेली आहे: पत्र दोन प्रतींत, दोन्हींवर सही आणि तारीख, एक प्रत रजिस्टर पोस्टाने, दुसरी स्वतःजवळ. घरी आणलेल्या छापील कागदावरची सही या रीतीत बसत नाही, तरी ती देऊन मग भांडत बसू नका. सेवा संपवल्याचा आदेश हातात पडलाच, तर शाळा न्यायाधिकरणाकडे 30 दिवसांत अपील करावं लागतं. आदेश मिळाल्याची तारीख पाकिटावर लिहून ठेवा आणि पाकीट जपून ठेवा.