वादळात पडलेली फांदी लेथवर कातायला वापरता येईल का? किती महिने वाळवावी?

तुमच्या प्रश्नावरून मला समजलं ते असं: वादळात एका मोठ्या झाडाची मांडीएवढी जाड फांदी मोडून पडली आहे, तुम्ही लेथवर, म्हणजे लाकूड फिरवत ठेवून पटाशीने आकार द्यायच्या यंत्रावर, लाकूड कातायला नुकतंच शिकताय, आणि ती फांदी सरपणात घालवण्याऐवजी सावलीत वाळवून पुढे तिचे वाडगे करावेत असा तुमचा विचार आहे.

वाडगे नक्की होतील. फक्त अख्खी फांदी वाळत ठेवू नका. तशी ठेवलीत तर काही आठवड्यांत टोकांपासून भेगा आत शिरतील आणि वर्षभराने हाती लागेल ते खरोखरच सरपण असेल. पडलेल्या फांदीचं लाकूड वाचतं की जातं, हे पहिल्या काही दिवसांत ती कुठून आणि कशी कापली यावर ठरतं. वाळवण्याचा भाग त्यामानाने सोपा आहे.

करवत हातात घेण्याआधी मात्र थोडं थांबा. फांदी विजेच्या तारेला लागलेली असेल किंवा वर अर्धवट लोंबकळत असेल तर तिला हात लावू नका. ते काम शिकलेल्या माणसाचं आहे. झाड दुसऱ्याचं असेल तर आधी विचारून घ्या. जमिनीवर पडलेली फांदीसुद्धा बहुतेक वेळा कुठेतरी अडकलेली, वाकलेली असते. वाकलेल्या फांदीच्या एका बाजूला ताण असतो, दुसऱ्या बाजूला दाब. ताणाच्या बाजूने सरळ करवत घातली तर लाकूड फाटून अंगावर उसळतं; दाबाच्या बाजूने फार खोल गेलात तर करवत आत चिमटून बसते. म्हणून आधी दाबाच्या बाजूने साधारण एक तृतीयांश छेद घ्यायचा, मग उलट बाजूने कापत यायचं. आणि फांदी हलवण्याआधी, झाडावर असताना तिची वरची बाजू कोणती होती ते शोधून खडूने खूण करून ठेवा. ही खूण पुढे फार उपयोगी पडते, कशी ते सांगतो.

आधी लाकूड फुटतं का, ते समजून घेऊ. ओल्या लाकडात पाणी दोन ठिकाणी असतं: पेशींच्या पोकळीत आणि पेशींच्या भिंतींमध्ये. पोकळीतलं पाणी निघून गेलं की लाकूड हलकं होतं, पण आकार बदलत नाही. ओलावा कोरड्या लाकडाच्या वजनाच्या साधारण ३० टक्क्यांखाली उतरला की भिंतींतलं पाणी जायला लागतं आणि तिथून लाकूड आक्रसायला सुरुवात होते. हे आक्रसणं सगळीकडे सारखं नसतं. लांबीत ते जेमतेम ०.१ ते ०.२ टक्के असतं. भेंडापासून (फांदीच्या मधल्या मऊ गाभ्यापासून) सालीच्या दिशेने बऱ्याच झाडांत ४ टक्क्यांच्या आसपास, आणि वाढीच्या वलयांच्या दिशेने त्याच्या जवळपास दुप्पट. म्हणजे ओंडक्याचा घेर जितका लहान व्हायला बघतो तितकी त्याची त्रिज्या लहान होत नाही. घेर अपुरा पडतो आणि सालीपासून भेंडापर्यंत एक भेग उघडते. ओंडका गोल ठेवलात तर कितीही सावलीत, कितीही काळजीने वाळवा, बहुतेक वेळा फुटणारच. तोच भेंडातून उभा चिरून दोन फाका केल्या की प्रत्येक फाकेला हलायला जागा मिळते. सपाट बाजू मधोमध जराशी उंचावते, बाकी लाकूड शाबूत राहतं.

दुसरं कारण टोकांचं. पाणी वर चढतं त्या नळ्या कापलेल्या टोकाशी उघड्या पडतात, त्यामुळे टोकांमधून ओलावा बाजूंपेक्षा १० ते १५ पट वेगाने उडतो. टोक वाळून आक्रसतं, आतलं लाकूड ओलंच असतं, आणि टोकाला फुटण्यावाचून मार्ग राहत नाही. म्हणून कापलं की त्याच दिवशी, जमलं तर त्याच तासात, टोकांना जाड मेण किंवा घरातला उरलेला भिंतीचा रंग दोन हात लावा. बाजूंना लावू नका, तिथून ओलावा हळूहळू जाऊ द्यायचा आहे. साल निघत नसेल तर राहू द्या.

तुकडे पाडताना घाई झाली तर सगळ्यात जास्त नुकसान होतं. आज लेथवर जाईल तेवढाच तुकडा कापा, बाकीची फांदी जितकी लांब ठेवता येईल तितकी ठेवा. नुकसान टोकांचं होतं, आणि लांब ओंडक्याला टोकं दोनच. वाडग्यासाठी तुकड्याची लांबी फांदीच्या जाडीएवढी धरायची आणि दोन्हीकडे ५ ते ७ सेंटीमीटर जास्त ठेवायचे. ते टोकाच्या भेगांसाठी सोडून दिलेले समजा.

ठेवलेला ओंडका पुन्हा कापाल तेव्हा टोकाची भेग संपली की नाही हे नुसत्या नजरेने ठरवू नका. केसाएवढी चीर ताज्या कापावर दिसतच नाही. मी टोकाकडून जेमतेम अर्धा सेंटीमीटर जाडीची चकती कापतो आणि दोन्ही हातांनी वाकवतो. आत चीर असेल तर चकती त्या रेषेवर अलगद उघडते. मग आणखी एक चकती, पुन्हा तेच. चकती कुठेही न उघडता कडकन भलत्याच ठिकाणी मोडली की तिथून पुढचं लाकूड चांगलं. थोडं लाकूड वाया जातं, पण लेथवर फिरत्या वाडग्याचे दोन तुकडे होण्यापेक्षा ते केव्हाही बरं.

आता त्या खडूच्या खुणेचं. फांदीचं लाकूड खोडासारखं नसतं, आणि नवशिक्यांना हे सहसा कुणी सांगत नाही. खोड सरळ उभं असतं. फांदी आडवी पसरून जन्मभर स्वतःचं वजन पेलत असते. रुंद पानांची झाडं त्यासाठी फांदीच्या वरच्या अंगाला वेगळं, ताण धरणारं लाकूड बनवतात. चीड-देवदारासारखी सूचिपर्णी झाडं उलट करतात, खालच्या अंगाला दाब झेलणारं लाकूड बनवतात. कापलेल्या टोकाकडे नीट बघा: भेंड बरोबर मध्ये नसेल, एका बाजूची वलयं रुंद आणि दुसरीकडची दाटीवाटीची असतील. रुंद वलयांची बाजू बहुधा हीच. रुंद पानांच्या झाडात तिथे करवतीच्या कापावर लोकरीसारखे तंतू उभे राहतात, आणि पटाशीला कितीही धार असली तरी पृष्ठभाग केसाळ येतो. त्याहून वाईट म्हणजे हे लाकूड लांबीतसुद्धा आक्रसतं, साध्या लाकडापेक्षा कितीतरी जास्त. म्हणून वाडग्याच्या एका कडेला ते आलं आणि दुसऱ्या कडेला आलं नाही, तर वाडगा वाळताना नुसता लंबगोल न होता विचित्र पिळतो.

यावर मी असं करतो: फांदी उभी चिरताना वरची बाजू एका फाकेत आणि खालची बाजू दुसऱ्या फाकेत जाईल असा छेद घेतो. तसं केलं की प्रत्येक फाकेच्या डाव्या-उजव्या अंगाला लाकूड एकसारखं राहतं. रुंद पानांचं झाड असेल तर खालची फाक वाडग्यांसाठी उत्तम. वरच्या फाकेची भिंत जाड ठेवायची आणि ती वाकडी होणार हे धरूनच चालायचं. छेद भेंडातून जायला हवा, आणि नंतर दोन्ही फाकांमधून भेंडालगतची एखाद सेंटीमीटरची पट्टी काढून टाकायची. तुकड्यात भेंड राहिला तर भेगांची सुरुवात तिथूनच होते. चिरताना ओंडका गडगडणार नाही अशी पक्की पाचर लावा.

तुमच्या फांदीला बेचकं असेल तर ते सगळ्यात आधी वेगळं काढून जपा. मोठ्या दोन फांद्या जिथे फुटतात तिथलं लाकूड एकमेकांत गुंतून वाढलेलं असतं आणि बरोबर मधून चिरलं तर पिसासारखी नक्षी उघडते. मला विचाराल तर अख्ख्या झाडात एवढं देखणं लाकूड दुसरं नाही. छेद बेचक्याच्या दोन्ही हातांच्या, म्हणजे फुटलेल्या दोन्ही फांद्यांच्या, आणि बुंध्याच्या भेंडातून, तिन्ही एकाच पातळीत धरून घ्यायचा. दोन-तीन सेंटीमीटर इकडेतिकडे गेला तर नक्षी हुकते. पण आधी बेचक्याची साल बाहेरून पाहा. दोन हातांच्या मध्ये सालीचा उंचवटा वर आलेला असेल तर आत लाकूड एकजीव आहे. तिथे खोल घडी पडून साल आत दुमडली गेली असेल तर दोन्ही हात आत जुळलेलेच नसतात. असं बेचकं लेथवर चढवू नका, फिरताना ते उकलतं.

मांडीएवढ्या फांदीतून साधारण १५ सेंटीमीटर व्यासाचे उथळ वाडगे निघतील. मनगटाएवढ्या डहाळ्या उभ्या चार फाकांत चिरून ठेवा, पटाश्यांच्या मुठी आणि दांडे त्यातून छान होतात.

आता तुमच्या महिन्यांच्या प्रश्नाकडे. फळ्यांसाठी एक ढोबळ हिशेब सांगितला जातो, इंचभर जाडीला एक वर्ष. या हिशेबाने तुमच्या फाका वाळायला काही वर्षं लागतील, आणि तोवर किडे आणि भेगा वाट पाहत बसणार नाहीत. म्हणून कातणारे लोक लाकूड ओलं असतानाच वाडगा जाडसर कातून घेतात. भिंतीची जाडी व्यासाच्या एक दशांश ठेवायची. १५ सेंटीमीटरच्या वाडग्याला दीड सेंटीमीटर. सगळीकडे जाडी सारखी हवी, तळाशीसुद्धा. तळाचं जाड लाकूड मागे राहून गेलं की नेमकं तिथे फुटतं. चकमध्ये (लेथच्या लाकूड पकडणाऱ्या जबड्यात) धरायचा तळाचा खुंट जरा मोठा ठेवा, कारण तोही लंबगोल होणार आणि नंतर पुन्हा गोल करावा लागणार.

ओलं लाकूड कातताना फार मजा येते. ढलप्या लांबच लांब रिबिनी होऊन सुटतात, धूळ अजिबात उडत नाही, कधीकधी तोंडावर पाण्याचे शिंतोडे येतात. काम झालं की लेथचं लोखंड लगेच पुसून तेलाचा हात फिरवा. बाभळीसारख्या टॅनिन (तुरट द्रव्य) जास्त असलेल्या लाकडाला ओलं असताना लोखंड लागलं तर निळे-काळे डाग पडतात, म्हणून असा वाडगा लोखंडी फळीवर ठेवू नका.

जाड कातलेला वाडगा त्याच्याच ढलप्यांसकट कागदी पिशवीत घालून, पिशवीचं तोंड दुमडून, वारा-ऊन नसलेल्या जागी ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलात तर बुरशी येईल. तळावर पेन्सिलीने तारीख आणि वजन लिहा आणि दर आठवड्याला वजन करत जा. सुरुवातीला ते झपाट्याने उतरतं, मग रेंगाळतं. लागोपाठ तीन-चार वेळा वजन तेच आलं की वाडगा त्या हवेपुरता वाळला. बहुतेक लाकडांना काही महिने पुरतात, पण कॅलेंडरपेक्षा वजनकाट्यावर विश्वास ठेवा. मग खुंट गोल करून वाडगा पुन्हा चढवायचा आणि शेवटचा हात घ्यायचा.

वेगाबद्दल एक हिशेब लक्षात ठेवा: इंचातला व्यास गुणिले मिनिटाचे फेरे हा आकडा ६००० ते ९००० च्या दरम्यान. ६ इंची वाडग्याला म्हणजे १००० ते १५०० फेरे. हे तोललेल्या, गोल झालेल्या लाकडासाठी आहे. ओबडधोबड फाक पहिल्यांदा चढवताना लेथ सगळ्यात कमी वेगावर, तोंडावर पूर्ण झडप असलेलं कवच, आणि सुरू करताना तुम्ही लाकडाच्या फिरण्याच्या रेषेबाहेर. वस्तीतल्या झाडांच्या लाकडात खिळे, तारा गाडल्या गेलेल्या असतात. लाकडात निळसर-काळा ओघळ दिसला तर तिथे लोखंड आहे असं समजून शोधा.

फांदी पडून बरेच दिवस झाले असतील तर काही भागात बुरशीच्या काळ्या नागमोडी रेषा दिसतील. त्या सुंदर दिसतात, आणि नखाने दाबून लाकूड टणक लागलं तर बिनधास्त वापरा. नख रुतलं तर ते कुजलंय, सोडून द्या. असं लाकूड घासताना मास्क हवाच. खरं तर कुठलंही लाकूड घासताना हवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच लाकडाच्या धुळीची माणसात कर्करोग करणाऱ्या गोष्टींत नोंद केली आहे. शिरीषाच्या धुळीने अनेकांना शिंका लागतात, आंब्याच्या चिकाने काहींच्या अंगावर पुरळ येतं. कण्हेर विषारी आहे, तिला लेथवर घेऊच नका.

शेवटच्या हाताला जवसाचं तेल लावू शकता. ते हवेत घट्ट होतं, खोबरेल तसं होत नाही. पातळ थर द्या, पंधरा मिनिटांनी उरलेलं पुसून घ्या, दुसऱ्या दिवशी पुन्हा एक. तेल पुसलेली फडकी मात्र चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल सुकताना तापतं आणि बोळा केलेलं फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. ती बाहेर एकेक पसरून कडक वाळू द्या, मगच टाका.