मुलांची पहिली स्कीइंगची सहल

मुंबईहून निघणाऱ्या आणि मुलांना प्रथमच स्कीइंग शिकवू इच्छिणाऱ्या कुटुंबाला मी गुलमर्ग सुचवीन, कारण जानेवारी-फेब्रुवारीत तेथे सहसा भरपूर बर्फ असतो आणि गंडोलाच्या (केबल कारच्या) तळाजवळच नवशिक्यांसाठी सौम्य उतार आहेत. अफरवट शिखराकडे जाणाऱ्या गंडोलाच्या दुसऱ्या टप्प्यावरचे उतार मात्र कसलेल्यांचे आहेत. तेथे मुलांना स्की घेऊन नेऊ नये. समुद्रसपाटीवरून थेट सुमारे २,६५० मीटर उंचीवर पोहोचल्यावर पहिला दिवस विश्रांतीसाठी ठेवावा.

स्की आणि बूट भाड्याने मिळतात. बुटांचे माप घाईत घेऊ नका: टाच आत उचलली जात असेल तर स्की वळवता येत नाही, आणि जाड मोज्यांच्या दोन जोड्या चढवल्या तर पाय आवळून उलट अधिक गारठतात. सुती कपडे घामाने ओले राहतात, म्हणून आत लोकरीचा थर व वर जलरोधक जाकीट-पँट असावी (माथेरानचा स्वेटर येथे पुरणार नाही). हातमोज्यांचे दोन जोड, हेल्मेट व गॉगल हवेतच.

शिकवण्याचे काम आईवडिलांनी न करता प्रशिक्षकावर सोपवावे. पहिल्या दिवशी दोन तास पुरेत, आणि स्कीची पुढची टोके जवळ आणून थांबणे जमेपर्यंत वरच्या उताराचा हट्ट मान्य करू नये.