यॉर्कमधली 'गेट' आणि त्या चाबकाच्या गल्लीचं नाव

प्रश्न असा होता की इंग्लंडमधल्या यॉर्क शहरात स्टोनगेट, कॉपरगेट, गुडरॅमगेट अशी गेटच गेट आहेत पण तिथे दरवाजा कुठेच दिसत नाही, आणि ते व्हिप-मा-व्हॉप-मा-गेट म्हणजे चाबकाने फोडायची जागा का.

तर दरवाजा शोधूच नका. ८६६ साली उत्तर युरोपातून समुद्रमार्गे आलेल्या व्हायकिंग लोकांनी यॉर्क घेतलं आणि त्यांची भाषा तिथे मुरली, त्यांच्याकडे रस्त्याला 'गाता' म्हणायचे (स्वीडिश लोक आजही तेच म्हणतात), त्याचंच पुढे गेट झालं. दरवाजाचा गेट हा वेगळा, तो मूळचा जुन्या इंग्रजीतला, उच्चार जुळले म्हणून आपला घोळ होतो. मग यॉर्कच्या तटबंदीचे खरे दरवाजे कुठेत? त्यांना तिथे 'बार' म्हणतात, मिकलगेट बार, बूथम बार वगैरे. म्हणून तिथला जुना जोक आहे की आमच्याकडे रस्त्याला गेट म्हणतात, गेटला बार म्हणतात आणि बारला पब.

हे फक्त यॉर्कचं नाही, व्हायकिंगांचा वावर होता त्या सगळ्या पट्ट्यात हे गेट सापडतं. लीड्सचं ब्रिगेट म्हणजे पुलाचा रस्ता, कर्कगेट म्हणजे चर्चचा रस्ता. आणि गंमत बघा, लेस्टरमध्ये चक्क चर्च गेट नावाचा रस्ता आहे, तोही चर्चकडे जाणारा रस्ताच, पण आपल्या मुंबईचं चर्चगेट मात्र खरोखर किल्ल्याचा दरवाजा होता, आता फ्लोरा फाउंटन आहे तिथे.

कॉपरगेटला तांब्याशी जोडायचा मोह होतो. पण व्हायकिंगांच्या भाषेत 'कोप्पारी' म्हणजे लाकडाचे पेले-वाडगे करणारा कारागीर, आणि १९७६ ते ८१ मध्ये तिथे खोदकाम झालं तेव्हा लेथवर वाडगे कातताना उरलेले लाकडाचे गाभे निघाले, याहून भारी पुरावा काय पाहिजे!

आता चाबूक. १५०५ च्या नोंदीत व्हिप-मा-व्हॉप-मा-गेट या गल्लीचं नाव व्हिटनॉरव्हॉटनॉरगेट असं काहीतरी आहे, चाबूक नाहीच त्यात. अर्थ 'हा कसला रस्ता!' असा सांगतात, काही जण 'धड हे ना धड ते' असाही लावतात. गल्ली एवढीशी आहे की दोन्ही शोभतात. चाबकाची गोष्ट मला तरी नावावरून मागाहून रचलेली वाटते, अर्थ विसरला की लोक ओळखीच्या आवाजाला जाऊन चिकटतात.

लंडनमध्येही हेच, चीपसाइड म्हणजे स्वस्ताई नाही, जुन्या इंग्रजीत 'चीप' म्हणजे बाजार, म्हणून तर शेजारी ब्रेड स्ट्रीट आणि मिल्क स्ट्रीट. आणि १६६६ ची मोठी आग जिथून लागली त्या पुडिंग लेनमध्ये गोडधोड काही नव्हतं, पुडिंग म्हणजे जनावरांची आतडी, खाटीक ती तिथून थेम्सवरच्या होड्यांकडे न्यायचे.