पुस्तक मिटल्यावरचं फिजिक्स

चि. बाळ,

पत्र मिळालं. धडा वाचताना सगळं कळतं, पण गणित समोर आलं की पेन अडतं, असं तू लिहिलंयस. वाचताना कळणारच, पुढची ओळ पुस्तकात आयती मिळते. पेपरात ती तुला सुचावी लागते, आणि त्याचा सराव तू करतच नाहीयेस.

ते रंगीत मार्कर आधी आवर. २००६ साली रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींनी ते पुन्हा वाचले, काहींनी न बघता आठवून लिहून काढले. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानं विचारलं तेव्हा लिहिणारे. बोर्ड काही पाच मिनिटांनी विचारत नाही.

होम मैदानावर गड्ड्याच्या जत्रेत मौत का कुआँ पाहिला असशील, उभ्या गोल भिंतीवर गाडी फिरवतात तो. तुझ्या बारावीच्या पहिल्याच धड्यात तो आहे. पुस्तक मीट आणि कोऱ्या कागदावर आधी चित्र काढ. गाडीवर बळं कोणती? वजन खाली. भिंतीची प्रतिक्रिया, म्हणजे तिचा रेटा, आडवी, केंद्राकडे. मग गाडीला खाली पडू कोण देत नाही? भिंतीलगत वर लागणारं घर्षण. ते जास्तीत जास्त किती, तर घर्षणगुणांक गुणिले प्रतिक्रिया. आणि प्रतिक्रिया ठरते वेगाच्या वर्गावर. वेग उतरला की भिंतीचा रेटा कमी, घर्षणाची मर्यादा कमी, गाडी घसरली. एवढं तोंडानं सांगता आलं की सूत्र पाठ करायची गरजच नाही: त्रिज्या गुणिले गुरुत्वत्वरण, भागिले घर्षणगुणांक, त्याचं वर्गमूळ म्हणजे किमान वेग. आणि हे बघ, वस्तुमान दोन्हीकडून उडालं! स्वार जाडा असो की बारीक, किमान वेग तोच. नुसतं घोकणाऱ्याला हे दिसत नाही.

आता आकडे घाल. त्रिज्या ५ मीटर, गुरुत्वत्वरण ९.८, गुणांक ०.५, म्हणजे ९८ चं वर्गमूळ. कॅल्क्युलेटर पेपरात चालत नाही, लॉग टेबल चालतं. तेव्हा घरीही मोबाइल लांब ठेव. ९८ चा लॉग १.९९१२, निम्मा ०.९९५६, अँटिलॉग ९.९. सेकंदाला ९.९ मीटर म्हणजे ताशी ३६ किलोमीटरच्या आसपास. पटण्यासारखं आहे. ताशी ३६० आलं असतं, तर दशांशचिन्ह कुठं घसरलं ते शोधायचं.

असं डेरिव्हेशन जमलं की दोन दिवसांनी पुन्हा कोऱ्या कागदावर. अडलीस तर अडलेली तेवढीच ओळ पुस्तकात बघ आणि लगेच मीट.

दुसरं, एकाच धड्याची वीस गणितं ओळीनं सोडवू नकोस. तिसऱ्या गणितापासून कोणतं सूत्र लावायचं हे डोकं न वापरताच कळतं. दोलनातलं एक, विद्युतधारेतलं एक, ऊष्मागतिकीतलं एक असं मिसळून घे. ७० मार्कांच्या पेपरात प्रश्नावर धड्याचं नाव लिहिलेलं नसतं.

प्रॅक्टिकलचे ३० मार्क वेगळे. जर्नल वेळेत पुरं कर, बाकी त्यात फार काही नाही.

शेजारच्या यंत्रमागाच्या खडखडाटाचं म्हणशील, तर लिहून सोडवताना तो वाचतानाइतका टोचत नाही. अगदीच असह्य झालं तर पहाटे बस. उन्हाळा लागला की दुपारी आपल्या सोलापुरात पत्र्याखाली कुणाचं डोकं चालतं?

रविवारी ये. येताना फक्त कोरे कागद आणि लॉग टेबल आण, गाईड घरीच राहू दे.

तुझे,
सर