पाखरांची भावकी

प्रिय पोरी,

तुझा मेसेज मिळाला, दोनदा वाचला. फोनमध्ये ते मर्लिन ॲप टाकलंय, आवाज ऐकवला की नाव सांगतं, फोटो दिला की नाव सांगतं, मग काका आता मी शिकायचं काय, असं विचारलंयस. प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर व्हॉट्सॲपवर दोन ओळीत मावणारं नाही म्हणून हे पत्र. सावकाश वाच, परीक्षा झाल्यावर वाचलंस तरी चालेल.

ॲप खुशाल वापर. त्यात वाईट काही नाही. फक्त नाव कळलं की तिथंच थांबू नकोस, लगेच पुढचा प्रश्न विचार की हा पक्षी दिसायला कुणासारखा आहे आणि तसा का आहे. एवढी एक सवय लावून घे, बाकी सगळं हळूहळू येतं. मी इतकी वर्षं पाखरं बघतोय, अजून मला कंटाळा आला नाही त्याचं कारण हेच आहे.

तुझ्या विट्यापासूनच सुरुवात करू. गावाबाहेर माळावर गेलीस की टिटवी ओरडणारच, तुझ्या आजीपासून सगळ्यांना ती माहीत असते, पण आपल्याकडं टिटव्या दोन आहेत हे फार थोड्यांच्या लक्षात येतं. एक ताम्रमुखी, तिच्या डोळ्यापुढं लाल मांसल लोळी असते, चोच लाल आणि टोकाला काळी, गळा-छाती काळी कुळकुळीत. दुसरी पीतमुखी, तिची लोळी पिवळी, डोक्यावर काळी टोपी आणि टोपीखाली पांढरी कड, बाकी अंग मातीसारखं. दोघींचे पाय लांब आणि पिवळे, दोघी जमिनीवरच अंडी घालतात, अंडी अशी खडीसारखी की पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत. उन्हाळ्यात पोटाची पिसं पाण्यात भिजवून अंड्यांवर येऊन बसायचं, अंडी गार ठेवायची, ही युक्तीपण दोघींची सारखी. सख्ख्या भावकीतल्या आहेत हे सांगायलाच नको. मग फरक कुठं आहे? तर ताम्रमुखी पाणी धरून राहते, येरळा नदीचा काठ, शेततळं, उसाला दिलेलं पाणी, कुठंतरी ओल पाहिजेच, आणि पीतमुखी कोरड्या माळावर, जिथं बुटकं गवत आणि दगड एवढंच आहे तिथं खुशीत राहते. एकाच घरातल्या दोघींनी जमीन अशी वाटून घेतलीय. उत्क्रांती म्हणजे काय हे शिकायला लांब कुठं जायची गरज नाही बघ, पण माळावर जाऊन तासभर गप्प बसायची तयारी पाहिजे.

आणि आपल्या भागाएवढी सोय क्वचित कुठं असेल. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस आणि त्याच सातारा जिल्ह्यात माण-खटावला पाचशेच्या आसपास, मधलं अंतर एसटीनं काही तासांचं. तिकडं कोयनेच्या जंगलात मलबारी धनेश, ओढ्याच्या काठाला पहाटे माणसागत शीळ घालणारा कस्तूर, आणि इकडं दहिवडीच्या बाजूला उघड्या रानात धाविक, पखुर्डी, चंडोल. पाऊस बदलला की झाडोरा बदलतो, झाडोरा बदलला की पाखरं बदलतात. म्हणून तुला सांगतो, भरतपूर, कच्छ, अंदमान नंतर कर, आधी कोयना ते म्हसवड ही एक रेघ नीट पायाखालून घाल.

आता जरा गंमत बघ. टिटव्या सारख्या दिसतात कारण त्या नात्यातल्या आहेत, पण सारखं दिसायला नातं लागतंच असं नाही. मे संपता संपता 'पेरते व्हा, पेरते व्हा' म्हणून जो ओरडतो तो पावशा तू ऐकलायस, नीट बघितला आहेस का? पाठ राखाडी, छाती-पोटावर तांबूस-तपकिरी आडवे पट्टे, शेपटीवर आडवे पट्टे, उडताना चार फडके मारतो आणि पंख पसरून तरंगत जातो, आणि झाडाकडं आला की दचकायला होतं कारण हुबेहूब शिक्रा. शिक्रा म्हणजे छोटा शिकारी पक्षी, सरडे आणि लहान पाखरं उचलणारा. पावशा तर कोकिळेच्या कुळातला, सुरवंट खाणारा, त्याचा शिक्र्याशी काही संबंध नाही. ओळखायचं असेल तर रंगाकडं बघूच नकोस, रंग शेवटी बघायचा. चोच बघ, शिक्र्याची आखूड आणि आकड्यासारखी वळलेली, पावशाची सरळसोट आणि बारीक. पाय बघ, शिक्र्याचे लांब, पिवळे, नख्यांचे, तर पावशाचे आखूड, बसला की दिसतसुद्धा नाहीत. आणि पावशा फांदीवर टेकला की शेपटी वर करून इकडं तिकडं हलवतो, ती लकब एकदा डोळ्यात बसली की पुढं लांबून कळतं.

पण हे सोंग कशासाठी? पावशा घरटं बांधत नाही. तो सातभाईंच्या घरट्यात अंडं घालतो, आणि अंडं निळंच, सातभाईंच्या अंड्यासारखं. सातभाई टोळीनं राहणारे, कालवा करणारे, सहजासहजी जवळ येऊ देणारे नव्हेत. शिकारी आला असं वाटलं की लहान पाखरं दबकतात, तेवढ्या गडबडीत मादीचं काम होतं असं अभ्यासक मानतात. युरोपातल्या कोकिळेवर याचे प्रयोग झालेत, तिच्याही पोटावर असेच पट्टे असतात. तिचं मॉडेल दाण्यापाशी ठेवलं तर लहान पक्षी तिकडच्या शिक्र्यासारख्या पक्ष्याच्या मॉडेलला जितके बिचकतात तितकेच बिचकले, आणि पट्टे झाकले तेव्हा ती भीती कमी झाली.

इथं एक गोष्ट मनात पक्की कर. पावशानं ठरवून शिक्र्याचे कपडे चढवले नाहीत. कधीतरी मागं त्याच्या पूर्वजांत काहींच्या अंगावर पट्टे थोडे जास्त होते, काहींच्या कमी, जास्तवाल्यांची अंडी थोडी जास्त वेळा पार पडली, त्यांची पिल्लं आईबापांवर गेली, आणि हे लाखो वर्षं चालत राहिलं. हेतू कुणाचाच नाही, चाळण आहे फक्त. 'निसर्गानं त्याला अशी रचना दिली' असं आपण सहज बोलून जातो ना, ते बोलणं सोडून दे, त्यानं विचार तिथंच थांबतो.

तिसरी जोडी तुला सांगलीत दिसेल, मावशीकडं जाशील तेव्हा कृष्णेवरच्या पुलाखाली बघ. पाकोळ्या आणि भिंगऱ्या दोन्ही एकाच हवेत किडे पकडत फिरतात, दोन्हींचे पंख लांब, चोच इवलीशी आणि जबडा मोठा, बरेच लोक दोघींना एकच समजतात. थोडा वेळ थांब आणि बसतात कुठं ते बघ. भिंगरी तारेवर येऊन बसेल. पाकोळी कधीच बसणार नाही, तिच्या पायाची चारही बोटं पुढं वळलेली, ती भिंतीला किंवा खडकाला लटकते, तारेला धरून बसणं तिला जमत नाही. आणि नातं? पाकोळीचे जवळचे नातेवाईक म्हणजे अमेरिकेतले हमिंगबर्ड, आणि भिंगरी आपल्या चिमणी-बुलबुलांच्या मोठ्या गोतावळ्यातली. उडत उडत किडे धरायचं काम दोघींच्या वाट्याला आलं म्हणून अंग एका साच्यात आलं, एवढंच.

आणि याच्या अगदी उलट बघायचं असेल तर तुला मायणी जवळ. थंडीत पाण्याची पातळी मानवली की मायणीच्या, येरळवाडीच्या तलावांवर फ्लेमिंगो येतात, आपण त्यांना रोहित म्हणतो, आणि ते आले की गाड्या भरून माणसं येतात फोटोला. येऊ देत. तू मात्र त्याच पाण्यात ती टिबुकली शोध, पाणबुडी म्हण हवं तर, मुठीएवढी, तपकिरी, तोंड पाण्यात घातलं की गडप आणि भलतीकडंच वर येणारी, तिच्याकडं कुणी ढुंकून बघत नाही. गेल्या पंचवीसेक वर्षांत डीएनएचा अभ्यास झाला तेव्हा असं निघालं की रोहिताची सगळ्यात जवळची भावकी बगळे नाहीत, करकोचे नाहीत, बदकंही नाहीत, ती ही टिबुकली आणि तिच्या जातीचे पक्षी आहेत! एक कमरेएवढ्या लांब पायांवर उभा राहून डोकं उलटं करून चिखलपाणी गाळून खातो, दुसरीचे पाय पार मागं शेपटीपाशी, बुडी मारायला. अंगावरून कुणाचा बाप ओळखला नसता. पण दोघांच्याही अंड्यांवर खडूसारखा पांढरा थर असतो, असल्या बारीक खुणा शिल्लक राहिल्यात. तसंच ससाण्याचं. आपल्या सह्याद्रीच्या कड्यांवर शाहीन ससाणा असतो, तो घार-शिक्र्यांपेक्षा पोपटांना जवळचा निघाला. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा रात्रभर झोप लागली नव्हती इतका आनंद झाला होता, आणि तुलाही तो व्हावा म्हणूनच हे सगळं लिहितोय.

आता वहीबद्दल. वही ठेव. ई-बर्डवर, त्या पक्षीनोंदींच्या वेबसाइटवर टाकतेस ते चांगलंच आहे पण कागदावरपण लिही, आणि पक्ष्याच्या नावाआधी तारीख, वेळ, जागा, हवा लिही. जागा नेमकी लिही, 'विटा' नको, 'अमुक ओढ्याच्या पुलापासून खाली, बाभळीखाली' असं. का ते सांगतो. उत्क्रांतीचा सिद्धांत मांडणारा चार्ल्स डार्विन 1835 मध्ये दक्षिण अमेरिकेजवळच्या गॅलापागोस बेटांवर गेला, तिथनं त्यानं छोटे छोटे पक्षी गोळा करून आणले, पण कुठला पक्षी कुठल्या बेटावरचा हे बऱ्याच नमुन्यांवर लिहिलंच नाही. त्याला ते निरनिराळ्या कुळांतले वाटले होते. 1837 च्या जानेवारीत लंडनमध्ये जॉन गूल्ड या पक्षीतज्ज्ञानं ते तपासले आणि सांगितलं की हे सगळे एकाच गटातले फिंच आहेत, चोची तेवढ्या वेगळ्या. मग डार्विनला बोटीवरच्या इतरांनी जमवलेले नमुने मागून बेटांचा ताळा लावत बसावं लागलं. त्याचं उत्क्रांतीवरचं ते मोठं पुस्तक, 'ओरिजिन ऑफ स्पीशीज', 1859 ला आलं. म्हणजे बघ, एका माणसानं पक्षी नीट ओळखले नसते तर ही गोष्ट पुढं सरकली नसती. म्हणून पक्षी ओळखणं हे हलकं काम आहे असं कुणी म्हणालं तर ऐकू नकोस. त्याच बेटांवर पीटर आणि रोझमेरी ग्रँट या जोडप्यानं पुढं कित्येक वर्षं फिंचच्या चोची मोजल्या. 1977 मध्ये दुष्काळ पडला, बारीक बी संपलं, टणक मोठं बी उरलं, जाड चोचीवाले जास्त जगले आणि पुढच्या पिढीत चोची सरासरीनं जाड निघाल्या. दुष्काळ म्हणजे काय हे आपल्या माणदेशाला कुणी समजवायची गरज नाही, तेव्हा तो पाखरांवर काय करत असेल हे बघायला तुझ्यापेक्षा योग्य जागी कोण आहे?

दुर्बिणीचं म्हणशील तर आठ बाय बेचाळीस घे, म्हणजे आठ पट मोठं दाखवणारी, बेचाळीस मिलिमीटर भिंगाची, दहाची घेऊ नकोस, हात हलतो. आकाराचा अंदाज चिमणी, साळुंकी, कावळा, घार या चौघांवरून बांधायचा. आवाजाची रेकॉर्डिंग लावून पक्षी बोलवायचा नाही, अजिबात नाही, विणीच्या दिवसात तो बिचारा खरा वैरी आला समजून घरटं सोडून धावतो. घरट्याचे फोटो काढायचे नाहीत, कुणी मागितले तरी जागा सांगायची नाही. यात सूट नाही.

आणि एक गोष्ट मला मनापासून खुपते ती लिहितो. पावसाळा आला की माळरानावर झाडं लावायचे कार्यक्रम होतात, फोटो येतात, टाळ्या वाजतात. लावणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, पण उघडा माळ म्हणजे पडीक जमीन नव्हे गं. पीतमुखी टिटवी, धाविक, चंडोल यांना मोकळं आकाश आणि बुटकं गवतच लागतं, तिथं खड्डे मारून रांगेनं ग्लिरिसिडिया लावला की त्यांचं घर गेलं. कॉलेजात असा कार्यक्रम ठरला तर उठून बोल, भांडू नकोस, त्यांना माळावर घेऊन जा आणि टिटवीची अंडी लांबनं दाखव. झाडं लावायला गावठाण आहे, रस्त्याच्या कडा आहेत, शाळेची आवारं आहेत.

कधी साताऱ्याला आलीस तर अजिंक्यताऱ्यावर जाऊ. तिथला काळा दगड म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या आसपास वाहिलेला लाव्हा, त्याच सुमाराला डायनोसॉर संपले, आणि त्यातली एक शाखा संपली नाही, ती म्हणजे पक्षी. कोंबडीच्या पायावरचे खवले बघ एकदा हातात धरून. 1861 मध्ये जर्मनीत दात असलेल्या, लांब हाडाळ शेपटीच्या, पिसं असलेल्या प्राण्याचा जीवाश्म सापडला, 1996 मध्ये चीनमधून पिसांसारखं आवरण असलेला डायनोसॉर पुढं आला, हे सगळं सविस्तर वर चढताना बोलू.

तोवर तुला एक काम. तुमच्या मागच्या माळाचं आणि येरळेच्या काठाचं, महिन्यातनं एकदा, एकाच वाटेनं चालून दोन्ही टिटव्या मोज. पाऊस पडून डबकी भरली की ताम्रमुखी माळात किती आत येते, आणि ती आली की पीतमुखी सरकते की तिथंच राहते, हे मला हवंय. जूनच्या आधी सुरुवात कर म्हणजे कोरडे महिनेपण हातात राहतील. वहीच्या पानाचा फोटो पाठव.

तुझा,
काका