भुताआधी माणूस लिहा

भुताने झपाटलेल्या बाईच्या तुमच्या कथेचा मसुदा वाचला. हात चांगला आहे, लिहीत राहा. फक्त भूत पहिल्याच पानावर आलंय, एवढी घाई नको. झपाटण्याआधी ती बाई कशी होती हेच ठाऊक नसेल, तर ती बदलली हे वाचकाला कळणार कसं? कायम उजव्या हाताने लिहिणारी बाई एके दिवशी डाव्या हाताने सही करते, आणि नवरा बघूनही काही बोलत नाही. एवढ्यावर दोन पानं निघतात. किंकाळ्या, फिरलेले डोळे, घोगरा आवाज हे नंतर. माझ्या मते नाही आलं तरी चालेल.

सध्या एवढंच सांभाळा:

- त्या शक्तीला काय हवंय आणि काय जमत नाही, हे स्वतःपुरतं पक्कं ठरवा. वाचकाला सांगत बसू नका.
- ‘भयानक’, ‘अघोरी’ सरळ खोडा.
- हे खरंच भूत आहे का, या शंकेला जागा ठेवा. जाग येते पण अंग हलत नाही, छातीवर कुणी बसल्यासारखं वाटतं. याला स्लीप पॅरालिसिस म्हणतात. घरातलं कुणीतरी असं कारण देणारं हवं, आणि ते पात्र मूर्ख नको.

विधी, मंत्र-तंत्र, दोन काळांतली कथा वगैरे पुढे बघू. आधी ही गोष्ट शेवटपर्यंत लिहा आणि पाठवा.